पाण्याची साक्ष कोणाची?

महाडचा इतिहास सांगताना आपण बहुधा २० मार्च १९२७ या दिवशीच थांबतो. बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, हजारो माणसे त्यांच्यामागून प्याली. पण त्यानंतर जे घडले त्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. परतणाऱ्या सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या. मग दही, दूध, शेण व गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवून तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर करण्यात आले. मुसलमानांना आणि गुराढोरांना त्या तळ्याची बंदी नव्हती, त्यांच्याने पाणी बाटत नव्हते. शेणाने शुद्ध होणारे पाणी माणसाच्या ओंजळीने बाटते, हा निर्णय कोणी दिला? ही पाण्याची परीक्षाच होती. परीक्षक, कसोटी व निकाल तिन्ही एकाच वर्गाच्या हाती होते.

डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा लावला. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ओंजळीला लागले काही क्षण, साक्षीपुराव्याला लागली दहा वर्षे. पाण्याच्या लढ्यात कोणाची साक्ष ग्राह्य धरली जाते, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे.

महाड सावित्रीच्या काठी. नदी ओलांडून दक्षिणेला पुढे गेले की रत्नागिरी जिल्हा लागतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच बाजूला, मंडणगड तालुक्यात. आणखी दक्षिणेला वाशिष्ठीचे खोरे आहे. कोयनेची वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी साठच्या दशकापासून या नदीत येते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ती वाहते. खेडकडून जगबुडी तिला मिळते आणि पुढे दाभोळची खाडी होते. या खाडीवर भोई, खारवी, दालदी अशा कष्टकरी जातीजमाती पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. लोटे-परशुरामच्या माळावर रासायनिक कारखाने आले आणि त्यांचे सांडपाणी या खाडीची वाट चालू लागले. मेलेली मासळी काठाला लागण्याच्या बातम्या मग नित्याच्या झाल्या.

कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला, ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले, १९७४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याचे एकविसावे कलम वाचण्यासारखे आहे. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे. नाहीतर तो कोर्टात पुरावा नव्हे. कारखानदारावर अन्याय होऊ नये ही काळजी रास्तच आहे. पण रात्री किंवा मुसळधार पावसात सोडलेले पाणी अधिकारी येईपर्यंत ओहोटीबरोबर निघून जाते, ही खाडीकाठची जुनी तक्रार. पाग टाकणाऱ्याने पहाटे भरून ठेवलेल्या बाटलीला त्या कलमात जागा नाही. १९८८ पर्यंत मंडळाच्या फिर्यादीवाचून कोर्ट दखलही घेऊ शकत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन कोणालाही फिर्याद करण्याची वाट मिळाली, आणि मंडळाने आपले अहवाल फिर्यादीला द्यावेत असे ठरले. सार्वजनिक हिताला बाधक वाटल्यास नाकारण्याची मुभा मात्र कायद्याने मंडळाकडे राखली!

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. माहितीच्या अधिकाराखाली कोर्टापर्यंत भांडावे लागले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. त्यात लोट्याचा हिशेब आहे : कारखान्यांत रोजगार सुमारे ११,००० जणांना, उपजीविका बुडालेले मच्छीमार सुमारे २०,०००. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे हुकूम होते, अशीही नोंद आहे. म्हणजे नमुना चालत नाही आणि मोर्चाही चालत नाही. सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून ओसंडणाऱ्या पाण्याने कोतवली गावचा ओढा नासला, तेव्हा तिथल्या सरपंचाने तेच पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांना मुंबईला नेऊन वाचवले गेले. ओढ्यात मात्र फरक पडला नाही, असे अहवाल सांगतो. चवदार तळ्यावर माणसे आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला पाणी प्याली होती. इथे पाणी विष आहे हे सिद्ध करायला माणसाला आपला देह पुढे करावा लागला.

आता ग्रामपंचायतींत जलसुरक्षक आहेत, पाण्याच्या स्रोतांना लाल-पिवळी-हिरवी कार्डे मिळतात. २०१९च्या जलजीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवण्याचे ठरवले. हे काम मी कमी लेखत नाही. (आमच्या वाडीची विहीर गावाच्या उतारावर, सगळ्यांत खाली; वरचे सारे तिच्याकडेच झिरपते. तिचे पाणी कोणी तपासेल असे माझ्या आईच्या पिढीला स्वप्नातही आले नसते.) पण हा संच पिण्याच्या पाण्यापुरता आहे. क्लोरीन, नायट्रेट, लोह तो सांगेल. कारखान्यातले द्रावक सांगणार नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि ती कोकणातल्या कॉलेजांत आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी वर्षानुवर्षे तेच ठरलेले क्षार ओळखत बसतात, ज्यांचे उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते. त्यांपैकी चारजणांनी खाडीकाठी जाऊन भोयांच्या सांगण्यावरून तिथी, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा रंग आणि वास, मेलेली मासळी यांची वही ठेवावी. बोय आधी मरते की शेंगटी, हे त्यांना तिथेच कळेल. कोर्ट ती वही पुरावा मानणार नाही. पण साठ दिवसांच्या नोटिशीला ती जोडता येते, आणि मंडळाकडे त्याच तारखांचे अहवाल मागता येतात.