सगळ्या मंडळीचे सेवाकार्य

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठाने एक लांबट द्वीपकल्प पसरले आहे. त्याचे नाव अप्पर पेनिन्सुला. राज्याची तीस टक्क्यांच्या आसपास जमीन या भागात येते, माणसे मात्र शंभरातली तीनच, म्हणजे सुमारे 3 लाख. 1840 च्या दशकात इथे तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या. कॉर्नवॉलहून, फिनलंडहून कामगार आले आणि ज्याने त्याने आपापल्या पंथाचे चर्च बांधले. पुढे विसाव्या शतकात तांब्याच्या खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या आणि तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडले. गावे उरली, चर्चे उरली आणि दर रविवारी तिथे येणारी मूठभर म्हातारी माणसे उरली.

सामायिक सेवाकार्य, म्हणजे चर्चचे काम स्थानिक मंडळीतल्या सगळ्यांनी वाटून घेणे, या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी इथे घेऊन येतो. इथला नॉर्दर्न मिशिगन हा धर्मप्रांत एपिस्कोपल चर्चचा, म्हणजे अँग्लिकन परंपरेतला. या परंपरेत दीक्षित पाळकाशिवाय प्रभुभोजनाचा विधी होत नाही. त्यामुळे पूर्णवेळ पाळकाचा पगार, घर, निवृत्तिवेतन ज्या मंडळीला झेपत नाही, तिच्या वाट्याला महिन्यातून एखादे प्रभुभोजन येते, किंवा तेही येत नाही. 1980 च्या दशकात बिशप थॉमस रे यांच्या काळात या धर्मप्रांताने पगाराचा प्रश्न बाजूला ठेवला आणि वेगळाच प्रश्न विचारला: बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसांत कोणाला कोणते कृपादान मिळाले आहे?

त्या प्रश्नातून जी पद्धत घडली ती सावकाश चालणारी आहे. सगळी मंडळी एकत्र बसते आणि उपदेश कोण करू शकेल, प्रभुभोजनाला उभे राहण्याचा विश्वास कोणावर आहे, आजाऱ्यांकडे मुळातच कोण जात असते, याचा विचार करून नावे सुचवते. कोणी स्वतः उमेदवार म्हणून पुढे येत नाही. ज्यांची नावे निघाली ते गावातच, पूर्वीप्रमाणे आपापली कामे करत, दीर्घकाळ एकत्र अभ्यास करतात. धर्मप्रांताने नेमलेला प्रशिक्षित पाळक त्यांच्यासोबत असतो. त्याचे काम शिकवण्याचे आणि आधार देण्याचे. मंडळी चालवणे त्याच्याकडे नसते. मग बिशप येऊन त्यांतल्या काहींना पाळक, काहींना डीकन म्हणून दीक्षा देतात आणि बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या जबाबदाऱ्या सोपवतात. या स्थानिक माणसांपैकी पगार कोणालाच नाही. अमेरिकेतल्याच नेवाडा राज्याच्या विरळ वस्तीत बिशप वेस्ली फ्रेन्सडॉर्फ यांनी 1972 पासून याच दिशेने काम सुरू केले होते.

या सगळ्यामागे रोलंड ॲलन यांचा विचार उभा आहे. उत्तर चीनमध्ये मिशनरी म्हणून राहिलेल्या या इंग्रज पाळकाचे प्रेषित पौलाच्या मिशनकार्यावरचे पुस्तक 1912 मध्ये निघाले. पौल एखाद्या गावात थोडाच काळ राहत असे, तिथल्याच माणसांवर सगळे सोपवत असे आणि पुढे जात असे. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या परक्या पगारी पाळकाची वाट पाहायला लावतो, हे त्यांचे म्हणणे. 1930 मध्ये त्यांनी बिनपगारी पाळकांची बाजू स्वतंत्र ग्रंथात मांडली. हयातीत त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. तत्त्व तसे जुनेच. सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाविषयी ल्यूथरने 1520 मध्ये लिहिले होते, आणि जागतिक चर्च परिषदेच्या 1982 च्या लिमा दस्तऐवजातही सेवाकार्याची चर्चा देवाच्या सगळ्या लोकांना झालेल्या पाचारणापासून सुरू होते. ॲलन यांचे मोठेपण हे, की हे तत्त्व प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत नेण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही.

गावाच्या सेवेचा भाग अभ्यासक अनेकदा परिशिष्टात ढकलतात, आणि ते मला पटत नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पाहावा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली, म्हणून सात माणसे निवडली गेली. कामाची पहिली वाटणी अन्नावरून आणि विधवांवरून झाली. आजही अमेरिकेतल्या छोट्या मंडळ्या गरजूंना शिधा देतात, गावजेवण घालतात, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांना तळघरातली खोली देतात. निवृत्त माणसाच्या हाती वेळ असतो, कोणाच्या घरी काय चालले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि त्याच्यापुढे रडायला गावाला संकोच वाटत नाही. पाळकाच्या कामाला लागणारी ही पुंजी कोणत्याही सेमिनरीत मिळत नाही.

आक्षेपही खरे आहेत. गावात झालेला अभ्यास सेमिनरीतल्या तीन वर्षांची बरोबरी करतो का? भाऊबंदकीचे भांडण झाले, तर त्याच गावातला पाळक कोणाचा? त्याहून टोचणारी बाब म्हणजे ‘सगळ्यांचे’ म्हटलेले काम पाहता पाहता दोन-तीन बायकांच्या अंगावर येते. त्यांतली एक आजारी पडली की सगळेच थांबते. माझे मत असे, की केवळ खर्च वाचवायला ही पद्धत घेतली तर ती माणसांना पिळते. मंडळीने आधी एकमेकांना ओळखण्यात वर्षे घातली असली, तरच ती पेलते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला सुरू झाले. त्याच्या मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः करावा, हा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात मिशनच्या पगाराची सवय खोल रुजली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभा करू पाहणाऱ्या कवी नारायण वामन टिळकांना तीच बोचत होती, असे मला वाटते. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि ज्येष्ठांनी, म्हणजे ‘वडिलांनी’, चालवायच्या मंडळीची परंपरा बिशपांच्या परंपरेशी एका छपराखाली आली. आज आपल्या ग्रामीण भागात एकेक पाळक अनेक गावे सांभाळतो. तो नसतो त्या रविवारी प्रार्थना मंडळीतला कोणी वडील किंवा एखादी आजी चालवते. या माणसांच्या कामाला आपण अजून ‘पाळक येईपर्यंतची सोय’ समजतो, म्हणून ते अभ्यासाचा विषय झालेले नाही.

साधने हाताशी आहेत. 1842 पासूनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आहे, मंडळ्यांची कार्यवृत्ते आहेत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या हस्तलिखित नोंदवह्या आहेत. त्या वह्यांत नाव नसलेल्या बायकांनी कोणाची शुश्रूषा केली, कोणाच्या मुलांना अक्षरे शिकवली, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. अभ्यासकाने आधी त्यांच्याकडे जावे, वह्या नंतर उघडाव्यात.