शेवटच्या पंगतीतले पान

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील मुलींची जी जुनी शाळा आजही हुजूरपागा म्हणून ओळखली जाते, तिच्या नावात पेशव्यांच्या खाशा पागेची आठवण आहे. आणि त्या पेशवाईत घोड्यांना हरभऱ्याची चंदी किती पडली याचा तपशील कारकून मंडळी इमानेइतबारे दफ्तरी लिहीत असताना, घरातल्या वाढत्या मुलीच्या पोटात काय जाते याची विचारपूस करावी असे कोणास वाटले नव्हते. तुलना किंचित अशिष्ट आहे खरी, पण ती माझी नसून जागेची आहे.

वस्तुतः पांढरपेशा घरांत किशोरी नावाची अवस्थाच फारशी अस्तित्वात नव्हती. शब्द संस्कृतात पुरातन असला, तरी आठव्या-दहाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली मुलगी एकदम सून होई, आणि पुरुषांच्या व मुलांच्या पंगती उठल्यावर जे उरेल त्यावर सासूच्या नजरेखाली तिचे जेवण उरके. अपवाद पहिल्या न्हाणाचा, म्हणजे ती वयात आल्याच्या सोहळ्याचा. त्या दिवसांत तिला मखरात बसवीत, आप्तांकडून गोडाधोडाची ताटे येत, कौतुकाला सीमा राहत नसे; परंतु हे कौतुक तिच्या देहाचे नसून तिच्या भावी संततीचे असे, आणि मखर मोडले की पान पुन्हा शेवटच्या पंगतीत मांडले जाई. 1891 च्या कायद्याने संमतिवय बारा वर्षे झाले, 1929 च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरले, आणि मधल्या काळात शाळेच्या बाकावर परकरी मुलींचा एक नवाच वर्ग हळूहळू दिसू लागला.

या मुलींना शिकवावयाचे काय, हा वाद हुजूरपागेच्या 1884 मधील स्थापनेपाठोपाठच पेटला. इंग्रजी व गणित की शिवण व गृहकृत्ये, असा प्रश्न होता, आणि शाळेच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या वृत्तपत्रांतून कडक टीका झाली. मात्र दोन्ही पक्षांना मुलगी दिसत होती ती चुलीपुढे बसलेली, पानावर बसलेली नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये निघाले, तेही रांधणारीसाठीच. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून प्रेरित झालेल्या धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय आवश्यक ठरविले. तेथे आहार प्रथमच पाकशास्त्रातून आरोग्यशास्त्राच्या घरात आला, ही गोष्ट मला त्या विद्यापीठाच्या पदव्यांइतकीच मोलाची वाटते.

शास्त्राचा पुरवठा मात्र निलगिरीतून व्हावयाचा होता. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना घालून त्यांची वाढ मोजली, आणि त्यात शीख व पठाण यांच्याखालोखाल मराठ्यांचा आहार तिसरा आला, याचा अभिमान वाटून घेणाऱ्यांनी तो आहार घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला किती येतो हे विचारावयास हरकत नव्हती. त्यांच्यामागून आलेल्या एक्रॉइड यांनी 1937 मध्ये हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि कोणत्या जिनसात काय सत्त्व आहे हे शिकविणाऱ्याच्या हाती आकड्यांत आले. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही गोष्ट, गरिबाची भाकरी म्हणून नाक मुरडणाऱ्या घरांना ऐकविण्याजोगी होती.

त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत पुढे काम केले कमला सोहोनी यांनी. दुर्गा भागवतांच्या या भगिनीला बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी 1933 मध्ये सर चंद्रशेखर रामन यांच्याशी झगडावे लागले, आणि 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला, आणि आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातल्यास त्यांची प्रकृती सुधारते असे दाखविले. ताडीच्या बदनामीखाली दडलेल्या, सूर्योदयापूर्वी उतरविलेल्या त्या रसाला विज्ञानाची सनद मिळाली ती अशी.

सरकार दरबारी मात्र किशोरीची पाटी बराच काळ कोरीच राहिली. 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहाराची तजवीज होती ती सहा वर्षांखालील बालकांची, गर्भवतींची आणि स्तनदा मातांची. म्हणजे मुलगी सातव्या वर्षी यादीतून गळे ती आई होऊ लागेपर्यंत. अकरा ते अठरा वयाच्या मुलींसाठी वेगळी योजना त्यात 1991 मध्ये आली. आता आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी शाळेत देतात, आणि ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आवळा-लिंबाने लोह अंगी लागते, असे मुलींना सांगतात. आपल्याकडे पानावर आधी मीठ आणि लिंबाची फोड वाढण्याचा रिवाज जुना आहे. ती फोड शेवटच्या पंगतीपर्यंत पुरत असे की नाही, हे मी माझ्या आजीला कधी विचारले नाही.