दिनविशेष : ९ नोव्हेंबर – ख्रिस पेरी

हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्तसमयी देशोदेशीचे प्रवासी ढोल बडवीत बसतात, आणि त्या कोलाहलालाच गोव्याचे संगीत समजून कित्येक पाहुणे परततात. परंतु पाश्चात्त्य वाद्यांवर गोमंतकीयांनी जी खरी हुकूमत मिळविली तिचा इतिहास पाहावयाचा तर १९२८ साली आजच्या दिवशी मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेल्या ख्रिस पेरी यांच्याकडेच वळले पाहिजे.

मडगाव ज्या सासष्टीत आहे तेथे चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा शतकांची. हरमल ज्यात येते तो पेडणे महाल मात्र सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीज अंमलाखाली आला तो १७८८ मध्ये, त्यामुळे तेथे दशावताराचाच दरारा टिकून राहिला. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन या दोन्ही वाद्यांवर प्रभुत्व असलेले पेरी मुंबईच्या नृत्यगृहांत जॅझ वाजवीत असत, आणि लॅटिन अमेरिकेचे ठेके गोमंतकीय वादकांना मुख्यतः याच मुंबईत, हॉटेलांतील वाद्यवृंद आणि ग्रामोफोन यांच्याद्वारे गवसले, लिस्बनच्या कृपेने नव्हे, असे आम्हांस वाटते. १९७१ साली एच.एम.व्ही.ने काढलेल्या पेरी यांच्या छोट्या तबकडीवर गायिका लोर्ना यांच्या खणखणीत आवाजातील चारच गाणी होती. त्यांतील ‘बेबदो’ने, म्हणजे एका मद्यप्याच्या गाण्याने, कोंकणी गीताला जॅझचा असा काही डौल दिला की तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराच्या रंगमंचाबाहेरही ते घरोघर पोहोचले. १९७७ मध्ये पेरी यांनी ‘भुंयारांतलो मनीस’ हा रंगीत कोंकणी चित्रपटही काढला. २५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.