फ्लोबेरचा अभ्यासक आणि भोंदूगिरीचा कायदा

थिओडोर राइक हा मुळात वाङ्मयाचा विद्यार्थी. फ्लोबेरच्या संत अँथनीविषयक ग्रंथावर प्रबंध लिहून त्याने १९१२ साली व्हिएन्नात डॉक्टरेट मिळवली. वैद्यकाच्या वाटेला जाऊ नकोस, असे फ्रॉइडनेच त्याला सांगितले होते. त्या काळच्या ऑस्ट्रियात वैद्यकीय पदवीवाचून रुग्णावर उपचार करणे हा गुन्हा होता. १९२५ साली नगरप्रशासनाने राइकला मनोविश्लेषण करण्यास मनाई केली आणि पुढे एका माजी रुग्णाने (हा स्वतः अमेरिकन डॉक्टर!) त्याला कोर्टात खेचले. खटला टिकला नाही, परंतु त्यातून निघालेला प्रश्न टिकला.

फ्रॉइडने १९२६ साली बिगरडॉक्टरी विश्लेषणाच्या प्रश्नावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात तो एका काल्पनिक तटस्थ गृहस्थाशी वाद घालतो. 'गुलामगिरी' वाचलेल्यांना ही संवादाची रीत अपरिचित वाटणार नाही. भोंदू कोण हे पदवीवरून न ठरवता शिक्षणावरून ठरवावे, असे त्याचे म्हणणे. मनोविश्लेषण न शिकता ते करू धजणारा डॉक्टरही मग भोंदूच ठरतो. विश्लेषकांसाठी त्याने जी शिक्षणसंस्था कल्पिली, तीत संस्कृतीचा इतिहास, पुराणकथा, धर्माचे मानसशास्त्र यांच्या जोडीला वाङ्मयाचा अभ्यासही आहे. आम्हा साहित्याच्या माणसांना हे वाचून सुखावल्यासारखे होते, हे कबूल करतो; मात्र व्यथित माणसाच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार, हा तटस्थ गृहस्थाचा प्रश्न त्याने हलका होत नाही.

याच फ्रॉइडने सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत दुसरी एक गोष्ट मांडली होती. क्षयाइतकेच मनोविकारही लोकांच्या आरोग्याला घातक आहेत, तेव्हा शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावर असावा; आणि बहुजनांपर्यंत जायचे तर विश्लेषणाच्या सोन्यात सूचनेचे तांबे मिसळावे लागेल. १९२० साली माक्स आयटिंगोनच्या पैशातून बर्लिनमध्ये अल्प शुल्काचे, प्रसंगी मोफत उपचार करणारे केंद्र निघाले, १९२२ साली व्हिएन्नात. व्हिएन्नाच्या केंद्राला परवानगी मिळाली ती उपचार डॉक्टरांनीच करावेत या अटीवर. म्हणजे दार गरिबांसाठी उघडले आणि त्याच दारात राइकसारख्यांना अडवण्यात आले.

१९३८ साली नाझींनी व्हिएन्नाचे केंद्र बंद पाडले. त्याच वर्षी राइक न्यूयॉर्कला पोचला. तिथल्या विश्लेषकांच्या संस्थेने त्याला पूर्ण सदस्यत्व नाकारले, कारण तेच, पदवी! अखेर १९४८ साली त्याने बिगरडॉक्टरांची स्वतंत्र संस्था काढली. अमेरिकन संघटनेने आपले दार सर्रास उघडले ते मानसशास्त्रज्ञांनी कोर्टात जाऊन १९८८ साली तडजोड घडवून आणल्यावर.

इंग्लंडमध्ये गणित उलटे पडले आहे. तिथे २००८ पासून सरकारी आरोग्यसेवा संवादोपचार मोफत पुरवते. त्यात मिश्रणातले तांबेच अधिक, ठरावीक बैठका आणि दर बैठकीला भरायची प्रश्नावली. कायद्याने नोंदणी सक्तीची करण्याची योजना मात्र २०११ साली सोडून देण्यात आली. सेवेत नोकरी हवी असेल तर मान्य प्रशिक्षण लागते. सेवेबाहेर 'सायकोथेरपिस्ट' अशी पाटी कोणीही लावू शकतो.