हप्तेबंदीची मोटार

नवी मोटार विकत घेण्यास निघालेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला आज जो मनस्ताप सोसावा लागतो, तो मोटारीच्या किमतीमुळे फारसा होत नाही. किंमत त्याला आधीच ठाऊक असते आणि तिच्यासाठी त्याने मनाची तयारीही केलेली असते. त्याला जाच होतो तो कर्जाच्या कागदांचा. शोरूममधील टेबलापाशी तो बसतो न बसतो तोच "महिन्याला किती हप्ता बसवायचा, साहेब?" असा प्रश्न येतो, आणि या एका प्रश्नासरशी एकूण किंमत, मुदत, व्याज आणि दलाली ही चारही प्रकरणे एका लहानशा मासिक आकड्याच्या पोटात गडप होतात. व्याजाचा दर फ्लॅट, म्हणजे पुऱ्या मुद्दलावर, की रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या बाकीवर, असे विचारावे तर बोलणे फिरून हप्त्यावरच येऊन थांबते. विमा येथूनच उतरवावा असा आग्रह होतो. प्रोसेसिंग फी आणि हाताळणीचा खर्च ही कलमे अखेरच्या कागदावर प्रथमच दृष्टीस पडतात. आणि आपल्या बँकेतून स्वतःच कर्ज मंजूर करून आणलेल्या ग्राहकाला, कालपर्यंत तयार असलेली गाडी आता महिनाभर लांबल्याचे सांगण्यात येते.

या साऱ्याचा दोष समोर बसलेल्या तरुण विक्रेत्याच्या पदरी बांधून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते इतिहासाला धरून होणार नाही. ज्या व्यवस्थेने त्याला त्या खुर्चीवर बसविले, ती व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा जन्म अमेरिकेत झाला, आणि तो झाला कारखानदाराची व व्यापाऱ्याची अडचण निवारण्यासाठी. ग्राहकाची सोय तिच्यात मागाहून आली. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील कित्येक कोडी आपोआप उलगडतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोटारी रोखीने विकल्या जात. कारखानदार व्यापाऱ्याकडून रोख पैसे घेतल्याखेरीज गाडी हाती देत नसत, आणि मोटार ही चैनीची वस्तू समजली जात असल्यामुळे प्रतिष्ठित बँका तिच्यासाठी कर्ज देण्यास राजी नसत. त्यातच त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या असल्यामुळे व थंडीत रस्ते चिखलाने आणि हिमाने भरून जात असल्यामुळे विक्रीचा हंगाम वसंत ऋतू व उन्हाळा एवढाच असे. कारखाना मात्र बारमाही चालवावा लागे, कारण यंत्रे आणि कुशल मजूर हंगामापुरते ठेवता येत नाहीत. तेव्हा हिवाळ्यात तयार होणाऱ्या गाड्या ठेवायच्या कोठे आणि त्यांत अडकलेला पैसा आणायचा कोठून, हा पेच कारखानदाराने व्यापाऱ्याच्या गळ्यात घातला. मोटारींसाठी निराळ्या पतपेढ्या उभ्या राहिल्या त्या या पेचातून. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असा उद्योग सुरू झाला. १९१५ मध्ये ओहायोतील टोलिडो येथे विलीज-ओव्हरलँडच्या गाड्यांसाठी एक मोठी कंपनी निघाली. आणि १९१९ मध्ये जनरल मोटर्सने, जॉन रास्कोब या आपल्या अर्थव्यवस्थापकाच्या पुढाकाराने, जनरल मोटर्स ॲक्सेप्टन्स कॉर्पोरेशन ही स्वतःची पतसंस्था स्थापन केली. व्यापाऱ्याला माल भरण्यासाठी उसना पैसा द्यावयाचा आणि त्याने ग्राहकांकडून लिहून घेतलेले हप्त्यांचे करारनामे विकत घ्यावयाचे, असे तिचे दुहेरी काम होते.

हेन्री फोर्ड यांना हा मार्ग मान्य नव्हता. कर्जाविषयी त्यांच्या मनात खेडवळ शेतकऱ्याची साधी, कडक अढी होती. १९२३ मध्ये त्यांनी जी योजना काढली तिच्यात ग्राहकाने दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत जमा करावयाचे, त्यावर व्याज मिळवावयाचे, आणि किंमत पुरी झाली की मगच गाडी घरी न्यावयाची असा क्रम होता. नीतिदृष्ट्या तीत उणे काढण्यासारखे काही नव्हते. परंतु शेजारी जनरल मोटर्सची गाडी आजच दारात उभी करून पैसे मागाहून फेडीत असताना, गाडीवाचून पैसे साठवीत बसण्याचा धीर लोकांना राहिला नाही. अखेर १९२८ मध्ये फोर्डनाही आपली पतसंस्था काढावी लागली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यावर तेथील नव्या मोटारींपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक हप्त्यांनी विकल्या जात होत्या.

या सौद्याची घडण नीट पाहण्यासारखी आहे. साधारण रीत अशी की, ग्राहकाने किमतीचा तिसरा हिस्सा इसार म्हणून द्यावा आणि बाकी बारा महिन्यांत फेडावी. करारनाम्यावर सही होई ती ग्राहकाची आणि व्यापाऱ्याची. पतसंस्थेचा माणूस त्या वेळी तेथे नसे. तो कागद व्यापारी लगोलग पतसंस्थेला विकून पैसे मोकळे करी, आणि ग्राहकाला टपालाने कळे की यापुढील हप्ते अमुक पत्त्यावर पाठवावेत. म्हणजे ज्याच्याकडून कर्ज घेतले त्या सावकाराचे तोंडही ऋणकोने पाहिलेले नसे. पतसंस्था आपला दर व्यापाऱ्याला सांगे. त्यावर किती चढवून ग्राहकाला सांगावयाचे हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेले असे, आणि चढविलेल्या रकमेतला वाटा व्यापाऱ्याच्या नावे जमा होई. कागद विकत घेण्यासाठी पतसंस्थांची आपसांत चढाओढ लागली; पण व्यापारी ज्या संस्थेकडून अधिक वाटा मिळेल तिला कागद देई, म्हणून या चढाओढीने ग्राहकाचा दर उतरण्याऐवजी चढत गेला. स्पर्धेने भाव उतरतात हा अर्थशास्त्राचा पाठ येथे उलटा फिरला, कारण निवड करणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा होता. दरांची कोष्टकेही अनेक असत. गिऱ्हाईक हिशेबी दिसले तर हलके कोष्टक पुढे येई, भोळे दिसले तर भारी. शेजारच्या दोन घरांतील माणसे एकाच दिवशी एकाच नमुन्याची गाडी घेऊन निराळे व्याज भरीत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसे.

१९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील प्रोफेसर एडविन सेलिगमन यांनी हप्तेबंदीच्या अर्थशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो जनरल मोटर्सच्या आश्रयाने सिद्ध झाला होता, हे वाचकाने विसरू नये. तरीही हप्त्यांनी घेतलेली वस्तू म्हणजे उधळपट्टीच होय हा जुना पूर्वग्रह दूर करण्याचे श्रेय त्या ग्रंथाला द्यावे लागेल. मासिक हप्त्याच्या बंधनाने माणसाला काटकसरीची शिस्त लागते हे त्यांचे म्हणणे मला पटते. ज्याने नियमाने हप्ते फेडून मोटार स्वतःची केली, त्या कामगाराच्या अभिमानात खोटे काहीच नाही. परंतु कर्ज घेणे योग्य की अयोग्य या चर्चेत, कर्जाचा खरा भाव ग्राहकाला सांगितला जातो की नाही, हा अधिक निकडीचा प्रश्न मागे पडला.

तो पुढे आला १९३५ च्या सुमारास, जेव्हा मोटार कंपन्यांनी सहा टक्के व्याजाच्या योजनेचा मोठा गाजावाजा केला. तिचा हिशेब आपणच करून पाहावा. सहाशे डॉलर बाकी राहिले. त्यांवर सहा टक्क्यांनी छत्तीस डॉलर झाले. सहाशे छत्तीसचे बारा हप्ते पाडले की दर महिन्यास त्रेपन्न डॉलर. वरवर पाहता यात कोठेही खोट नाही. पण सहाशे डॉलर वर्षभर ग्राहकाच्या हाती राहतात कोठे? पहिल्या महिन्याअखेरीस त्यांतले काही परत गेले, दुसऱ्या महिन्यास आणखी गेले, सहा महिन्यांनी जवळजवळ अर्धेच उरले, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या सहाशेंवर आकारले गेले. प्रत्यक्ष हाती असलेल्या सरासरी मुद्दलावर तेच छत्तीस डॉलर मांडले तर दर अकरा टक्क्यांच्या घरात जातो. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी मंडळाने या जाहिराती फसव्या ठरविल्या, आणि १९४१ मध्ये फोर्ड कंपनीच्या अपिलात न्यायालयाने कमिशनचाच निर्णय कायम केला. आपल्याकडे शोरूममध्ये सांगितला जाणारा फ्लॅट दर याच जातीचा आहे, आणि तो ऐकून सही करणाऱ्या सुशिक्षित माणसांची संख्या आजही थोडी नाही.

व्यापारी हा या कथेतला खलपुरुष होता असे मात्र समजू नये, कारण त्याच्याही मानेवर जू होते. १९३८ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांवर खटले भरले गेले, ते आपल्याच पतसंस्थेकडे कागद द्यावेत म्हणून व्यापाऱ्यांवर जुलूम केल्याच्या आरोपावरून. फोर्ड व क्रायस्लर यांनी तडजोडीचे हुकूमनामे पत्करले. जनरल मोटर्स लढली, १९३९ मध्ये ज्यूरीने कंपनीला दोषी ठरविले आणि दोन वर्षांनी अपिलातही तो निकाल टिकला. बाहेरच्या पतपेढीशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला गाड्या वेळेवर न पोचणे, एजन्सी काढून घेण्याची धमकी येणे, हे प्रकार त्या खटल्यात पुराव्याने पुढे आले. स्वतःचे कर्ज घेऊन आलेल्या ग्राहकाची गाडी आज जी एकाएकी लांबते, त्या क्लृप्तीचे मूळ येथवर नेऊन भिडवता येते.

याहून क्रूर भाग कागदाच्या कायद्यात होता. गाडी सदोष निघाली, इंजिन महिन्याभरात बंद पडले, व्यापाऱ्याने दुरुस्तीस नकार दिला, म्हणून ग्राहकाने हप्ते थांबविले, की पतसंस्था न्यायालयात सांगे: आम्ही हा रोखा मोल देऊन, सद्भावनेने विकत घेतला, गाडीच्या गुणदोषांशी आमचा संबंध नाही, रोख्यावरचे पैसे भरा. आणि बहुधा तेच मान्य होई. नादुरुस्त गाडी अंगणात, व्यापारी प्रसंगी दिवाळे काढून बेपत्ता, आणि हप्त्यांचा तगादा चालूच, अशा स्थितीत शेकडो कुटुंबे सापडली. पतसंस्थांची ही पळवाट १९७६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या नव्या नियमाने बंद झाली. विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाची जी कैफियत असेल ती कागद विकत घेणाऱ्याविरुद्धही चालेल, असे वाक्य प्रत्येक करारनाम्यावर छापणे तेव्हापासून सक्तीचे झाले. महाराष्ट्रीय वाचकाला येथे १८७५ चे सुप्याचे सावकारांविरुद्धचे बंड आणि त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत त्या कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिला की, सावकाराचा रोखा काहीही म्हणो, व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब तपासावा, मुद्दल किती आणि व्याज किती ते निराळे काढावे. कागदाच्या आड पाहण्याचा हा हक्क आमच्या दुष्काळी तालुक्यांतील कुणब्याला अमेरिकेतील मोटार घेणाऱ्या कारकुनाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी मिळालेला होता, आणि त्याचे मोल आपल्याच अर्थेतिहासात पुरते जोखले गेले नाही असे मला वाटते.

खरा दर जाहीर करण्याचा कायदा व्हावयास अमेरिकेत फार दिरंगाई झाली. १९५८ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी यांनी नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याची किंमत चिकटविण्याची सक्ती करविली, तेव्हा गाडीचा भाव उघडा झाला. पैशाचा भाव झाकलेलाच राहिला. त्यासाठी इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस, जे स्वतः नाणावलेले अर्थशास्त्रज्ञ होते, १९६० पासून विधेयक मांडीत राहिले. वार्षिक दर काढणे व्यापाऱ्याला अशक्य आहे, हा त्यांच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा होता; जे व्यापारी पाच-सहा कोष्टके सफाईने वापरीत होते, त्यांच्या वतीने तो मांडला जावा याचा खेद वाटतो. १९६६ च्या निवडणुकीत डग्लस पराभूत झाले, आणि कायदा संमत झाला तो १९६८ साली, ते सभागृहात नसताना. व्यापाऱ्याने दरावर चढवावयाचा वाटा मात्र त्या कायद्यानेही उघड करावयास लावला नाही. आणि २०१० मध्ये कर्जदार ग्राहकांच्या रक्षणासाठी नवे स्वतंत्र खाते निर्माण झाले तेव्हा बहुतेक मोटारविक्रेत्यांना त्याच्या अधिकारातून वगळण्यात आले.

आपल्याकडे ही पद्धत भाडे-खरेदीच्या रूपाने आली, आणि तिचा पाया घातला गेला तो मुख्यतः मालमोटारींवर. १९५४ मध्ये मद्रासेत स्थापन झालेली सुंदरम फायनान्स हे त्याचे ठळक उदाहरण. खाजगी गाडीच्या बाबतीत कित्येक वर्षे कर्जापेक्षा दुर्भिक्षच मोठे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि १९८३ मध्ये मारुती आली तेव्हाही दहा हजार रुपये अनामत भरून वाट पाहणे भाग होते. अशा बाजारात ग्राहकच कारखानदाराला कर्ज देत होता. हप्त्यांचे राज्य १९९० नंतर, गाड्या मुबलक झाल्यावर सुरू झाले. तत्पूर्वी, १९७२ मध्ये, संसदेने भाडे-खरेदीचा कायदा संमत केला होता. रोखीची किंमत किती, भाडे-खरेदीची किंमत किती, हप्ते किती व केव्हा, हे सारे करारनाम्यात स्वच्छ लिहावे अशी त्यात तरतूद होती. तो प्रत्यक्षात कधी राबविलाच गेला नाही, आणि २००५ मध्ये रद्द करण्यात आला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार धनकोने प्रत्येक किरकोळ कर्जदाराला सर्व आकार धरून काढलेला वार्षिक दर दाखविणारे एक पत्रक सहीपूर्वी द्यावयाचे असते. ते शोरूममध्ये मागून घ्यावे, घरी नेऊन वाचावे. डग्लस यांनी ज्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली ती वस्तू आपल्या हाती आलेली आहे. परंतु ते कर्ज मिळवून दिल्याबद्दल धनकोकडून शोरूमला किती मोबदला मिळाला, हे ग्राहकाला सांगण्याची रीत अद्याप पडलेली नाही. आणि ग्राहकसंघटनांनी यापुढे जी मागणी लावून धरावयाची, ती त्या पत्रकात या रकमेचा आणखी एक रकाना असावा, ही होय.