बसलेलं पोर : कुमार गटाचा छोटासा इतिहास

पाऊस ओसरला की जोगेश्वरी पूर्वेला बॅनर लागायला सुरुवात होते. मेघवाडी, मजासवाडी, श्यामनगर, कुठूनही चालत जा. नवरात्र संपेपर्यंत देवीचे, मग दिवाळीचे आणि त्यानंतर हळूहळू कबड्डीचे. अमुक क्रीडा मंडळ, तमुक स्मृती चषक, पुरुष गट, महिला गट आणि खाली बारीक अक्षरात "कुमार गट". बॅनरवर वीस-पंचवीस फोटो असतात. त्यात खेळाडू सोडून सगळे असतात :-)

या वीकेंडचा विषय ती बारीक अक्षरातली ओळ. मुलांची स्पर्धा हे प्रकरण कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं? आणि सीझनच्या आधी ती उभी करणाऱ्या माणसाला नक्की काय काय करावं लागतं?

पहिली गोष्ट म्हणजे "मुलांचा खेळ" ही कल्पनाच तशी नवी आहे. मुलं खेळत होतीच, पण त्यांच्या खेळाला कार्यवाह नव्हता. हुतुतू गावोगाव खेळला जायचा. बंगालात हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू, आणि नियम पाच कोसांवर बदलायचे. १९२० च्या दशकात सातारा, पुणे, बडोदा या भागातल्या मंडळींनी नियम एकत्र बांधायला घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवली. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम छापून काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ तिथे करून दाखवला. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत तो आला, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत पहिलं सुवर्ण मिळालं. हा झाला पाठ्यपुस्तकातला इतिहास. परीक्षेला येतो, म्हणून दिला.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती मधली एक भानगड. नियम एक होण्याआधी या खेळाचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. 'गामिनी'त एकदा बाद झालात की बाहेर बसायचं. तुमचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बसूनच राहायचं. 'अमर'मध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. आणि 'संजीवनी'त तुमच्या संघाने समोरचा एक मारला की तुमचा बाहेर बसलेला एक जण जिवंत होऊन आत येतो.

आज आपण जी कबड्डी बघतो ती संजीवनीच्या पायावर उभी आहे. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण परिणाम बघा. गामिनी मुलांना खेळायला दिली तर काय होईल? सगळ्यात कच्चं पोर पहिल्या मिनिटात बाद होणार आणि उरलेला वेळ रेषेबाहेर गुडघ्यात डोकं घालून बसणार. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी खेळ. संजीवनीने हे मोडलं. बसलेल्या पोराला परत यायची वाट दिली. कुमार गटाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : कोण बसणार आणि किती वेळ?

आता जरा लांब जाऊ. ऑनसाइटला जाऊन तिथेच रमलेले मित्र आपल्या सगळ्यांचेच असतात. त्यांच्या पोरांचे फोटो येतात तेव्हा डोक्यावर टोपी, हातात भलामोठा ग्लोव्ह आणि शर्टवर 'लिटल लीग' लिहिलेलं. जगातली बहुधा सगळ्यात गाजलेली मुलांची संघटना ही. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या नोकरदाराने ती सुरू केली. संघ किती? तीन! प्रायोजक कोण? एक लाकूडवाला, एक डेअरी आणि एक प्रेट्झेलवाला. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतल्या जाहिराती आठवल्या ना?

स्टॉट्झची करामत अशी की त्याने पुतणे-भाच्यांच्या वयाची मुलं घेऊन आधी मैदान लहान केलं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं, ते त्याने ६० वर आणलं. मोठ्यांच्या मैदानात लहान मुलं सोडली तर ती कायम उशिराच पोचणार आणि कायम बाद होणार, हे त्याने पाहिलं होतं. आपल्या कबड्डीतही तेच केलेलं आहे. पुरुष आणि कुमारांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिला आणि कुमारींचं १२ बाय ८ आणि किशोरांचं त्याहून लहान. पुरुष व कुमारांचे डाव २०-२० मिनिटांचे, बाकीच्यांचे १५-१५.

मैदान लहान करणं सोपं असतं. खरा घोळ पुढे आहे. या मैदानात कोण येणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर हा इनपुट व्हॅलिडेशनचा प्रश्न आहे. फॉर्म भरताना तीन फील्ड महत्त्वाची : वय, वजन, पत्ता. कबड्डीत कुमार गट म्हणजे २० वर्षांपर्यंत, वजन मुलांचं ७० किलोपर्यंत आणि मुलींचं ६५. किशोर गट १६ वर्षांपर्यंत आणि ५५ किलो. वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात या तीन फील्डवर जेवढी भांडणं झाली तेवढी अख्ख्या खेळात झाली नसतील.

वय घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा देशात १९६९ साली आला, पण कायदा येणं आणि गावातल्या घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद होणं यात बरंच अंतर असतं. महाराष्ट्रात एका पिढीचे निम्मे काका-मामा १ जूनला जन्मलेले असतात, ते काही ग्रहयोगामुळे नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आई सांगायची मोठ्या पावसात, आणि गुरुजी लिहायचे १ जून. त्यांना फक्त पोराला पहिलीत बसवायचं होतं. पण तोच दाखला पुढे क्रीडा संघटनेच्या टेबलावर येतो आणि मग तिथे एक दिवस इकडचा तिकडे म्हणजे एक सीझन इकडचा तिकडे.

शिवाय सगळे दाखले चुकून चुकलेले नसतात, काही चुकवलेले असतात. २००१ मध्ये लिटल लीगच्या स्पर्धेत डॅनी अल्मोंटे नावाच्या न्यूयॉर्कच्या पोराने असा चेंडू टाकला की समोरचा एकही फलंदाज बेसपर्यंत पोचला नाही. अमेरिका वेडी झाली. मर्यादा होती १२ वर्षांची, आणि नंतर निघालं की तो १४ चा होता. दाखला मोठ्यांनी फिरवला होता. संघाचे सगळे निकाल पुसले गेले. आपल्याकडे क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध २०१० साली राष्ट्रीय संहिता काढली. क्रिकेट बोर्डाने २०१२ पासून १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडावरून वय ठरवायला घेतलं. कागदावर विश्वास नाही, म्हणून हाडाला विचारायचं!

आणि कागद खरा असला तरी गंमत संपत नाही. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर कॅनडाच्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले ढीगभर आणि शेवटच्या तीन महिन्यांतले अगदी थोडे. कारण काय, तर वयोगटाची तारीख १ जानेवारी. जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं. दहाव्या वर्षी तो फरक डोळ्याला दिसतो. थोराड पोर निवडलं जातं, त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सामने मिळतात आणि मग ते खरंच चांगलं होतं. डिसेंबरवालं बसून राहतं. यात कुणीही लबाडी केलेली नसते.

वजनाचा काटा हा कबड्डीने त्यावर शोधलेला उपाय म्हणायला हवा. जन्मतारीख काहीही सांगो, घोटा धरणाऱ्याचं वजन काटा सांगतो. पण त्याचीही वाट पोरांनी काढलेलीच आहे. आदल्या रात्री न जेवणं, दोन स्वेटर घालून पळणं, सकाळी पाणीसुद्धा न पिणं. १६ वर्षांचं वाढतं पोर अर्ध्या किलोसाठी उपाशी राहतं आणि आपण त्याला जिद्द म्हणतो. नियमाने एक प्रश्न सोडवताना दुसरा तयार केला की त्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते तुम्हाला माहीतच आहे.

तिसरं फील्ड पत्ता. हा दिसतो निरुपद्रवी, पण सगळ्यात जास्त इतिहास याच्यात आहे. मुंबईची कबड्डी मुळात गिरणगावची. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत माती टाकून ती वाढवली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरणगाव हळूहळू विरलं. उपनगरं मात्र भरत होती. १ ऑक्टोबर १९९० ला मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. राज्य स्पर्धेत शहराचे आणि उपनगराचे संघ वेगळे उतरतात. त्यामुळे जोगेश्वरीच्या पोराने जिल्ह्याच्या संघात यायचं तर निवड उपनगरातून.

यात एवढं काय? तर जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अशी ती शिडी आहे आणि शिडीच्या वरच्या पायरीवर नोकरी आहे. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा या संघांनी कबड्डीपटूंच्या कितीतरी घरांत पगार नेला. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी कॅम्पस इंटरव्ह्यू दिला. दहा बाय बाराच्या खोलीतल्या एखाद्या पोरासाठी जिल्ह्याची निवड चाचणी हाच कॅम्पस इंटरव्ह्यू असतो. म्हणून कार्यवाहाच्या त्या वहीला एवढी किंमत.

वही कुणाच्या हातात आहे यावरही बरंच अवलंबून. १९५५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स्टन गावात कॅनन स्ट्रीट नावाच्या काळ्या मुलांच्या संघाने लिटल लीगमध्ये नाव नोंदवलं. त्यांच्याबरोबर खेळायला नको म्हणून राज्यातले सगळे गोरे संघ बाहेर पडले. मग पोरं न खेळताच राज्याची विजेती ठरली, आणि न खेळता जिंकलात म्हणून पुढे खेळता येणार नाही, असा नियम त्यांना दाखवण्यात आला. त्यांना राष्ट्रीय स्पर्धेला बोलावलं, पण प्रेक्षक म्हणून. नियमाला धरून बसवलेली पोरं ही. मुलींना तर तिथे १९७४ पर्यंत प्रवेशच नव्हता. तोही कोर्टकचेरी झाल्यावर मिळाला. आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ साली कलकत्त्यात सुरू झाली होती, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक बाबतीत आपणच मागे असतो असं नाही.

असो. सीझनच्या आधीचं काम उरलंच. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिन होतो. मग क्लबांची नोंदणी, खेळाडूंचे दाखले, पंचांची यादी, मैदानाची परवानगी, पोलिसांची परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद. पूर्वी हे सामने पहाटेपर्यंत चालायचे म्हणे. आता हिशोब करून बघा. समजा कुमार गटात ३७ संघ आले. बाद पद्धतीने ३६ सामने. पुढची दोनाची घात संख्या ६४, म्हणजे २७ संघांना पुढे चाल. एक सामना मध्यंतर धरून ४५ मिनिटांचा, संध्याकाळी ६ ते १० मध्ये एका मैदानावर पाच. म्हणजे आठ संध्याकाळी, किंवा दोन मैदानं आखून चार. पुरुष आणि महिला गट वेगळेच. त्यात २०१४ च्या प्रो कबड्डीनंतर प्रत्येकाला मॅट हवी, मॅटवर बूट हवेत, आणि मातीत अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या घरी बूट नवीन खर्च म्हणून येतात. हे सगळं करणारा माणूस दिवसा कुठेतरी नोकरी करत असतो. पगार शून्य, शिव्या भरपूर.

बाद पद्धत का, तर दिवस कमी लागतात. पण तिचा अर्थ असा की निम्मे संघ एकच सामना खेळून घरी. वर्षभराचा सराव आणि ४५ मिनिटं. त्यातही संघात बारा, खेळणार सात, पाच राखीव. राखीव पोराचा सीझन तर बाकावर सुरू होऊन बाकावरच संपू शकतो. मोठ्यांच्या खेळात हे ठीक आहे. पोरांच्या खेळात ही पुन्हा गामिनीच झाली, फक्त मैदानाबाहेर.

लिटल लीगने यावर एक साधा नियम केला. संघातल्या प्रत्येक मुलाला दर सामन्यात किमान एकदा फलंदाजी आणि समोरचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालंच पाहिजे. हरा की जिंका. आपल्याला हे उचलायला काहीच हरकत नाही. किशोर गटात तीन-तीन, चार-चार संघांची साखळी ठेवली तर प्रत्येक संघाला दोन-तीन सामने मिळतात. एका डावात राखीव पाचही जण उतरलेच पाहिजेत असं ठरवलं तर पाच पोरं अंगाला माती लावून घरी जातात. चार संध्याकाळी जास्त लागतील, बॅनरवरचे दोन फोटो वाढवून तेवढे पैसे उभे करता येतील :-)

आणि ही कल्पना परदेशी आहे असं कुणी म्हणायला नको. बाहेर बसलेल्याला आत आणायचं, हे आपल्या हुतुतूवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. नावसुद्धा किती नेमकं ठेवलं होतं. संजीवनी.