लाईट गेली तर पेसमेकर बंद पडतो का?

"डॉक्टर, लाईट गेली तर ह्ये मशीन बंद पडंल की! मग माझं काय?"

कळंब्यातल्या माझ्या दवाखान्यात एका काकांनी हा प्रश्न विचारला. वय ७२. भोवळ येऊन दोनदा गोठ्यात पडलेले. नाडी मिनिटाला ३४ आणि ईसीजीत ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’. हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर सांगितला होता आणि काका नको म्हणत होते. सोबत आलेला मुलगा हसला. मला हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न एकेकाळी जगातल्या नामांकित हार्ट सर्जनला पडला होता. त्याच्या उत्तरातूनच आजचा पेसमेकर जन्माला आला. ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

हृदयाची स्वतःची वीज

आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या शास्त्रज्ञांनी तो १९०७ मध्ये शोधला. विश्रांतीत असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा बारीकसा संदेश सोडतो. हा संदेश ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला की हृदय आकुंचन पावतं. वयोमानाने किंवा आजाराने ही वाट तुटली, तर वरचा संदेश खाली पोचत नाही. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतलं ‘ब्लॉकेज’ वेगळं आणि हा ब्लॉक वेगळा. तिथे नळ तुंबलेला असतो, इथे वायर तुटलेली असते. म्हणून यावर अँजिओप्लास्टी हा उपाय नाही.

भिंतीतल्या प्लगवर चालणारं हृदय

१९५२ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवर बाहेरून विजेचे झटके देऊन मंद झालेलं हृदय चालवून दाखवलं. जीव वाचत होता, पण वीज कातडीतून जायची असल्यामुळे झटका मोठा लागायचा आणि पेशंट कळवळायचा. मशीन भिंतीतल्या प्लगला जोडलेलं असे. वायर जिथवर पोचेल, तेवढंच पेशंटचं जग.

तिकडे मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करत. ऑपरेशननंतर काही मुलांना हार्ट ब्लॉक व्हायचा. त्यांनी बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूला जोडली. मग अगदी थोड्या व्होल्टेजवर काम भागू लागलं. पण मशीन अजूनही प्लगवरच होतं.

३१ ऑक्टोबर १९५७ ला मिनियापोलिस शहराची वीज काही तास गेली. लिलेहाय यांनी हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या इंजिनिअरला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करता येईल का? बॅकन यांना एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मेट्रोनोमचं, म्हणजे संगीताच्या सरावात ठेका देणाऱ्या यंत्राचं सर्किट सापडलं. ठराविक वेळाने टिक्‌ टिक्‌. हृदयालाही तेवढंच हवं होतं! सुमारे चार आठवड्यांत हातात मावेल असा, ट्रान्झिस्टरवर चालणारा पेसमेकर तयार झाला.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. इंजिनिअर होते रुने एल्मक्विस्ट आणि सर्जन ओके सेनिंग. तो काही तासांतच बंद पडला. दुसरा बसवला. पुढे आयुष्यात लार्सन यांना असे वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. पण ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. ऑपरेशन करणारे आणि यंत्र बनवणारे दोघेही त्यांच्याआधी गेले.

राधानगरीचे दरवाजे आणि पेसमेकर

सुरुवातीच्या पेसमेकरमध्ये एक मोठी उणीव होती. तो हृदयाचं काही ऐकत नसे, नुसता ठोके देत राही. हृदयाचा स्वतःचा ठोका मध्येच आला आणि नेमक्या चुकीच्या क्षणी यंत्राचाही ठोका पडला, तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकत होतं.

यावरचा उपाय कोल्हापूरकरांना समजावून सांगणं सोपं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ज्याचं काम सुरू केलं, त्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तुम्हाला माहीत आहेत. दर पावसाळ्यात आपण पेपरात वाचतो, "स्वयंचलित दरवाजे उघडले." पाणी ठराविक पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. पाण्याची पातळीच दरवाज्याला हुकूम देते. इंजिनिअर याला ‘फीडबॅक कंट्रोल’ म्हणतात.

१९६० च्या दशकात बरूह बर्कोविट्स यांनी पेसमेकरला असंच ऐकायला शिकवलं. समजा, वेग मिनिटाला ६० ठेवला आहे. पेसमेकर एक सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला, तर तो गप्प बसतो आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. नाही आला, तरच तो वीज सोडतो. म्हणून याचं नाव ‘डिमांड पेसमेकर’, म्हणजे मागणीनुसार काम करणारा. तुमचं हृदय जेवढं काम करतं, तेवढं त्याला करू देतो. जिथे ते थांबतं, तिथेच मदतीला येतो.

मग लाईट गेली तर?

काहीही होत नाही. पेसमेकरची स्वतःची लिथियम बॅटरी असते. १९७२ पासून ती वापरात आली. प्रत्येक ठोक्याला साधारण दोन-तीन व्होल्ट, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ लागतात. त्यामुळे बॅटरी बहुधा आठ-दहा वर्षं पुरते. ती चार्ज करावी लागत नाही आणि अचानक संपतही नाही. संपत आल्याची सूचना तपासणीत आधीच मिळते. मग छोट्या ऑपरेशनने डबी बदलतात, तारा सहसा त्याच राहतात. शॉक लागल्यासारखं काही जाणवत नाही.

काळजी एवढीच घ्या:

- पेसमेकरचं कार्ड कायम खिशात ठेवा. एमआरआय किंवा कुठलंही ऑपरेशन करण्याआधी दाखवा.
- मोबाईल शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नका. पेसमेकरपासून वीतभर लांब आणि दुसऱ्या कानाला धरा.
- इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. वेल्डिंगचं काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- तपासणीची तारीख चुकवू नका.
- घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर उष्णतेने तो फुटतो.

पेसमेकर असताना जे धोके आहेत, ते थोडे आहेत आणि टाळता येतात. कम्प्लीट हार्ट ब्लॉक असताना पेसमेकर नाकारण्याचा धोका मात्र फार मोठा आहे. पुढची भोवळ गोठ्यात येईल की गाडी चालवताना, हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा वारंवार भोवळ, डोळ्यांसमोर अंधारी किंवा फार मंद नाडी असेल, तर "अशक्तपणा आहे" म्हणून सलाईन लावून घरी जाऊ नका. आधी ईसीजी काढा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, "धरणाचं दार आपल्या आपण उघडतंय, तसंच म्हण की ह्ये. चल, बसवून टाकू."